अस्सल म्हणून विकलेला रेडिएटरचा पंखा, ५८,७४० रुपयांचे नुकसान आणि हात वर करणाऱ्या यंत्रणा

जिप्सी, जुनी थार किंवा मेजर यांसारखी जीप बाळगणाऱ्या आणि रेडिएटरचा, म्हणजे इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या जाळीचा, इंजिनवर फिरणारा मूळ पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा बसवण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने पैसे पाठवण्यापूर्वी हे वाचावे, एवढीच माझी इच्छा आहे. फोनवरून गोड बोलणारे, स्वतःला अधिकृत वितरक म्हणवणारे आणि ऐन वेळी भलत्याच व्यक्तीच्या खात्यावर रक्कम मागणारे लोक कसे वागतात, हे एव्हाना सर्वांना माहीत आहे. मात्र गाडीच्या सुट्या भागांच्या बाबतीत ही फसवणूक अधिक घातक ठरते, कारण इथे वस्तू खरोखर घरी येते, खोका उघडल्यावर ती हुबेहूब अस्सल दिसते आणि ती नकली असल्याचे समजेपर्यंत इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलेले असते.

माझी गाडी जिप्सी किंग आहे, १.३ लिटरची पेट्रोल. तिचा मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर, विस्कस कपलिंगच्या (तेलाच्या पकडीवर चालणाऱ्या जोडणीच्या) आधाराने फिरतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की कपलिंगमधील सिलिकॉनचे तेल पकड घेते आणि पंखा जोरात फिरू लागतो, ही व्यवस्था मुळात उत्तम आहे. माझे कपलिंग मात्र जुने होऊन सैल पडले होते. महामार्गावर समोरून येणारी हवाच रेडिएटरला पुरते, त्यामुळे तिथे काही जाणवत नसे. पण ताम्हिणी-मुळशीच्या बाजूला लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये, दगडांवरून चढताना गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतका आणि इंजिनाचे फेरे मात्र मिनिटाला दोन हजारांच्या पुढे, अशी स्थिती येताच तापमानाचा काटा वर सरकू लागे. शिवाय पावसाळ्यात ओढा ओलांडताना इंजिनवर फिरणाऱ्या पंख्याची पाती पाण्याच्या दाबाने पुढे वाकून रेडिएटरला घासण्याची भीती असतेच. इलेक्ट्रिक पंखा पाण्यात शिरण्यापूर्वी बटण दाबून बंद करता येतो आणि इंजिन मंद चालत असतानाही पूर्ण वेगाने फिरतो. म्हणजे माझा निर्णय हौसेपोटी घेतलेला नव्हता.

युरोपातील एका नामांकित कंपनीचा सोळा इंची पंखा घ्यायचे मी ठरवले. त्या कंपनीचे नाव इथे देत नाही, कारण तिचा यात काडीचाही दोष नाही. तिच्याच नावाचा गैरवापर झाला आहे. चौकशी करत असताना दिल्लीतील स्पेअर पार्ट्सच्या बाजारातून बोलत असल्याचे सांगणाऱ्या एका विक्रेत्याने संपर्क साधला. त्याचे बोलणे जाणकाराचे होते. गाडीत एसी आहे का, रेडिएटर दोन थरांचा आहे की तीन, पंखा रेडिएटरच्या मागे बसवून हवा ओढून घ्यायची की पुढे बसवून ढकलायची, हे सारे त्याने न विचारता स्वतःहून काढले. पंख्याचे १४,८०० रुपये, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), वायरिंग आणि तापमानाच्या सेन्सरचे ३,२५० रुपये आणि कुरिअरचे ४५० रुपये, असे एकूण १८,५०० रुपये त्याने सांगितले. सोबत पंखा चालू करून करंट मोजत असल्याचा व्हिडिओ पाठवला, त्यात मीटरवर वीस अँपिअरच्या आसपासचा आकडा स्पष्ट दिसत होता. तो व्हिडिओ दुसऱ्याच कोणीतरी अस्सल पंख्याची चाचणी घेताना काढलेला होता, हे मला फार उशिरा कळले.

पैसे मागताना त्याने दुकानाच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या नावाचा यूपीआय आयडी दिला आणि दुकानाच्या खात्याची दिवसाची मर्यादा संपल्याचे कारण सांगितले. इथे अनेक जण मला दोष देतील. त्यांनी हेही लक्षात घ्यावे की आपल्याकडे सुट्या भागांचे निम्मे व्यवहार दुकानदाराच्या मुलाच्या किंवा भावाच्या नावावरच होतात आणि पुण्यातही मी असे पैसे वर्षानुवर्षे देत आलो आहे, त्यातला एकही व्यवहार बुडालेला नाही.

बिल मात्र प्रत्येकाने डोळ्यांत तेल घालून वाचावे. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. दिल्लीचा अंक ०७ आणि महाराष्ट्राचा २७. दिल्लीच्या पत्त्यावरून आलेल्या या बिलावरचा क्रमांक २७ ने सुरू होत होता. दिल्लीहून महाराष्ट्रात विकलेल्या मालावर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीचा कर, लागतो; या बिलावर मात्र राज्यांतर्गत विक्रीला लागणारे सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन वेगळे रकाने भरलेले होते. नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड छापले होते. पण त्या क्रमांकातील सहावे अक्षर, म्हणजे पॅनमधील चौथे अक्षर, कंपनीचे ‘सी’ नसून व्यक्तीचे ‘पी’ होते. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला असता भलत्याच गावातील कापड व्यापाऱ्याचे नाव समोर येते. हे तपासायला एक मिनिट पुरते आणि ते पैसे पाठवण्यापूर्वी तपासायचे असते. माझ्याकडे तर बिल आले तेच पैसे गेल्यानंतर, पार्सलमधून.

आता ज्या क्षणाची आठवण झाली की अजूनही माझा संताप होतो, तो सांगतो. खोका व्यवस्थित होता, त्यावर चमकणारा होलोग्राम होता, पंख्याच्या मोटारीच्या टोपीवर कंपनीचे स्टिकर होते. आत वायरिंगच्या पिशवीत फ्यूज होता आणि तो लाल रंगाचा होता. लाल म्हणजे दहा अँपिअर. वीस अँपिअर ओढणाऱ्या पंख्याला दहा अँपिअरचा फ्यूज कोणीही देणार नाही. तो चालू होताच उडेल. पंख्याच्या तारा बोटांत धरून पाहिल्या, तर त्या घरातील टेबल फॅनच्या तारांपेक्षा जाड नव्हत्या. पंखा उचलताना तो हातात हलका लागला, हेही मला आठवते. तिन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. मी फ्यूजबद्दल विचारलेही. ‘सर, तो हार्नेस (वायरिंगचा संच) कॉमन आहे, तुमच्याकडचा तीसचा लावा,’ असे उत्तर आले आणि गॅरेजमधील अनुभवी मिस्त्रीनेही मान डोलावली. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्यांचे वायरिंग केले आहे त्याला शंका आली नाही, तर ती एकट्या मला यायला हवी होती असे म्हणणे अन्यायाचे आहे.

पंखा बसवण्याची मजुरी २,२०० रुपये झाली. पंख्यासोबत रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या होत्या. त्या मी वापरू दिल्या नाहीत. या पट्ट्यांवर पंख्याचा सारा भार येतो, खडबडीत वाटेवर त्या रेडिएटरच्या नळ्यांना घासत राहतात आणि एक दिवस नळी फुटते. पंखा पत्र्याच्या श्राउडवर, म्हणजे रेडिएटरवरच्या आवरणावर, बोल्टनेच बसवावा आणि श्राउडने रेडिएटरची शक्य तितकी जाळी झाकावी, नाहीतर पंख्यासमोरचा गोल सोडून उरलेल्या जाळीतून हवा वाहतच नाही.

शहरातील वाहतुकीतच काटा वर जाऊ लागला. विक्रेत्याला कळवले, तेव्हा त्याने गाडीचा अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) अपुरा असल्यामुळे पंख्याला पूर्ण वीज मिळत नाही असे निदान केले आणि जास्त क्षमतेचा अल्टरनेटर ७,९०० रुपयांत देऊ केला. हे कारण वरवर पटणारे होते, कारण जुन्या गाड्यांचे अल्टरनेटर खरोखरच लहान असतात आणि मोठा पंखा, विंच (अडकलेली गाडी ओढायचे यंत्र) व जास्तीचे दिवे एकत्र आले की ते कमी पडतात. मी पैसे पाठवले. तो अल्टरनेटर कधीच आला नाही. तोपर्यंत गाडी बिनधास्त चालवा, पंखा आपले काम करेल, असे त्याने मला लिहून पाठवले होते. तो संदेश माझ्याकडे आहे.

त्या भरवशावर नेलेली गाडी मुळशीच्या वरच्या अंगाला एका निसरड्या चढावर तापली. पंखा फिरत होता, त्याचा आवाजही मोठा होता. पण रेडिएटरच्या मागे हात धरला तर हवेची झुळूक तेवढी लागत होती. कूलंट टाकीतून उसळून बाहेर आले आणि इंजिन बंद करेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले. जिप्सीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे, ते अशी उष्णता सहन करत नाही. गाडी टो करून आणण्याचे ६,५०० रुपये झाले. हेड उतरवणे, लेथवर त्याचे फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे), नवे गॅस्केट, हेडचे बोल्ट, कूलंट आणि मजुरी मिळून २३,६४० रुपये झाले. पंखा, मजुरी, न आलेला अल्टरनेटर, टोइंग आणि इंजिनाचे काम मिळून ५८,७४० रुपये.

पंखा उतरवला तेव्हा मोटारीच्या टोपीवरचे स्टिकर उष्णतेने कडेने सुटले होते. ते नखाने ओढले आणि खाली प्लॅस्टिकमध्ये कोरलेली अक्षरे दिसली: १२ व्होल्ट, ८० वॉट. तारेभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, तेव्हा १३.६ व्होल्टला करंट ६.४ अँपिअर भरला, म्हणजे ८७ वॉट. अस्सल पंखा वीस अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे २७० वॉट. हवेचा प्रवाह हा मोटारीच्या ताकदीतून येतो. पाती कितीही वळणदार असोत, ऐंशी वॉटची मोटार दाट जाळीच्या रेडिएटरमधून मिनिटाला दोन हजार घनफूट हवा ओढू शकत नाही. खोक्यावरच्या सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा त्याच्या, आकड्यावर म्हणून कधीही विश्वास ठेवू नका. तो आकडा छापायला काहीच पडत नाही आणि बहुतेक वेळा तो मोकळ्या हवेतला असतो. चांगले उत्पादक दाबानुसार हवेचा प्रवाह किती घटतो याचा तक्ता देतात. तो तक्ता आणि अँपिअरचा आकडा मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा.

विक्रेत्याने आधी तुमचा रेडिएटरच चोंदला आहे असे सांगितले. मी मोटारीचे छायाचित्र पाठवताच त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला.

यानंतर जे घडले त्याचा राग मला त्या भामट्यापेक्षाही अधिक आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘अहो, माल मिळालाय ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?’ नकली वस्तू अस्सल म्हणून विकणे आणि अल्टरनेटरचे पैसे घेऊन तो न पाठवणे, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक नाही तर दुसरे काय आहे? त्यांनी हा दिवाणी मामला ठरवला. आरोपी दिल्लीचा आहे, तिकडे तक्रार करा, असेही सुचवले. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. ते कलम छापून नेले, तर कागद बाजूला सारून साहेब बंदोबस्तावर आहेत असे ऐकवण्यात आले. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला आहे, समोरचे खाते गोठवायचे असेल तर एफआयआरची प्रत आणा. पोलीस म्हणाले, आधी बँकेचे पत्र आणा. बनावट मालाबद्दल आणखी एका कार्यालयात अर्ज दिला, तर बोधचिन्ह ज्या कंपनीचे आहे तिनेच तक्रार केली पाहिजे असे उत्तर मिळाले. म्हणजे माझे पैसे बुडाले, माझे इंजिन गेले आणि फिर्यादी मात्र परदेशातील कंपनीने व्हायचे! प्रत्येक टेबलावरचा माणूस रक्कम ऐकून तोंड वाकडे करत होता, जणू काही लाखांच्या आत बुडालेला पैसा हा पैसाच नव्हे. या उदासीनतेवरच असले धंदे चालतात आणि विक्रेत्यांना ते पक्के ठाऊक असते, म्हणून ते रक्कम नेमकी त्या बेताची ठेवतात. शेवटी पोलीस अधीक्षक पातळीवर लेखी तक्रार पोस्टाने पाठवली आणि पोचपावती जपून ठेवली आहे. तुम्हीही तोंडी काही सांगत बसू नका. जे द्यायचे ते लेखी द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या.

ग्राहक आयोगाचा मार्ग त्यातल्या त्यात बरा आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझी तक्रार दाखल झाली आहे. पण बिलावरचा पत्ताच खोटा असल्यामुळे नोटीस परत आली. म्हणून पैसे ज्या बँक खात्यात गेले त्या खातेदारालाही पक्षकार करण्याची विनंती मी केली आहे. फोनवरचे संदेश पुराव्यात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा ते संदेश असलेला फोन विकू किंवा रीसेट करू नका. पार्सलवरची कुरिअरची चिठ्ठी, खोका, फ्यूज आणि ते निघालेले स्टिकरही मी सांभाळून ठेवले आहे.

गाडीत सध्या नवे विस्कस कपलिंग आणि मूळ पंखाच बसवला आहे. इंजिनात फेरफार केले नसतील आणि श्राउड शाबूत असेल, तर चांगले कपलिंग सह्याद्रीतील बहुतेक वाटांना पुरते, असे माझे आता स्पष्ट मत आहे. ओढा ओलांडण्यापूर्वी रेडिएटरसमोर ताडपत्री बांधली की पाण्याचा जोरही बराच अडतो. इलेक्ट्रिक पंखाच घ्यायचा असेल तर तो दुकानात बॅटरीला जोडून, स्वतःच्या क्लॅम्प मीटरने करंट मोजून घ्या आणि मूळ पंखा व कपलिंग भंगारात देऊ नका. असा पंखा आधीच बसवलेला असेल, तर पुढच्या चढाला गाडी लावण्यापूर्वी मोटारीवरचे स्टिकर काढून खाली काय कोरले आहे ते पाहा.