खाऱ्या पाण्यात दिवाळी ते पावसाळा: ४००० साइजचं स्पिनिंग रील

दिवाळीत घेतलेलं हे मासे गरवायचं रील, म्हणजे रॉडवरचं लाइन गुंडाळायचं यंत्र, रेवदंड्याची खाडी, मुरुडचे खडक आणि थोडंफार मालवण एवढं फिरून आलंय. जास्त करून जिताडा आणि तांबोसा गरवायला. किंमत मधली, बॉडी ग्रॅफाइटची, स्पूल (ज्यावर लाइन गुंडाळली जाते तो) अ‍ॅल्युमिनियमचा. खोक्यावर ‘सॉल्टवॉटर’ छापलंय म्हणून धुणं काही टळत नाही.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी लाइन सोडणारा ब्रेक, अजून झटके न देता सुटतो, गिअर गुळगुळीत आहेत. हँडलला किंचित खेळ आलाय, पण मासा लागल्यावर कोणाला कळतोय!

कच्चा दुवा लाइन रोलर. लाइन स्पूलवर वळवणाऱ्या कमानीच्या, म्हणजे बेल आर्मच्या, टोकाची ती इवलीशी चकती. ओली लाइन सतत तिच्यावरूनच आत येते. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि ते तिथल्या बेअरिंगमध्ये वाळून बसतं. आधी बारीक किरकिर ऐकू येते, मग रोलर फिरायचाच थांबतो, आणि लाइन एकाच जागी घासून पिंजल्यासारखी होते. माझा मार्चमध्ये किरकिरायला लागला. बेअरिंग काढून स्पिरिटमध्ये घोळवलं, वाळवलं, रील ऑइलचा एक थेंब सोडला, आवाज गेला. आता अधूनमधून लाइनचा तुकडा रोलरवर ताणून मागेपुढे ओढून बघतो. चकती फिरली तर ठीक, लाइन नुसती घसरली तर स्क्रू ड्रायव्हर काढायचा.

धुताना आधी ड्रॅग घट्ट, म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जात नाही. मग नळाची बारीक धार, तीही गार पाण्याची. बादलीत बुडवायचं नाही, गाडी धुण्याचा प्रेशर पाइप तर मुळीच नको. त्या जोराने मीठ आतच ढकललं जातं. पुसून झाल्यावर ड्रॅग सैल करून पंख्याखाली ठेवायचं, उन्हात नाही.

कोकणातली खरी गोची पाण्याची. किनाऱ्यालगतच्या विहिरी-बोअरचं पाणी एप्रिल-मेमध्ये बऱ्याच ठिकाणी मचूळ होतं. होमस्टेच्या मोरीत रील धरण्याआधी ते पाणी जिभेला लावून बघा. मचूळ लागलं तर गोड्या पाण्याची एक बाटली आणि फवारणीचा पंप, एवढ्यात काम भागतं.

गंज सोडवायचा स्प्रे मारणारे बरेच दिसतात. पकडीवर खुशाल मारा. रीलमध्ये मारलात तर आतलं ग्रीस धुऊन निघेल. बेअरिंगला तेल, गिअरला ग्रीस, दोन्ही अगदी कमी.

रॉडच्या गाइडमधून, म्हणजे लाइन जाते त्या कड्यांमधून, कापसाचा बोळा फिरवा, रिंगला तडा असेल तर तंतू अडकतात. वापरलेला लूर (खोटं आमिष) कोरड्या लूरच्या डब्यात परत टाकू नका, एकाच्या ओलीने सगळ्यांचे गळ तांबडे होतात.

पावसाळ्यात रील निओप्रीनच्या पिशवीत ठेवलं होतं ते लगेच बाहेर काढलं. आतल्या दमटपणाने स्पूलच्या कडेला पांढरी भुकटी धरू लागली होती. आता उघड्या फळीवर, ड्रॅग सैल करून.

घ्यावं का? या किमतीत हो. फक्त दुकानात रोलरचं बेअरिंग सुटं मिळतं का ते विचारा. माझ्या रीलला ४×७×२.५ मिमीचं लागतं. मिळत नसेल तर दुसरं मॉडेल बघा.