बागेतली ओपन जिम, संध्याकाळी पाच वाजता: साठीपुढच्या गटासाठी परीक्षण

महापालिकेच्या बागेतली पिवळी-निळी ओपन जिम सकाळी सहाला गजबजलेली असते. संध्याकाळी पाचला तिथे लहान मुलं लोंबकळत असतात आणि ज्येष्ठ मंडळी घरी चहासोबत खारीचा पुडा उघडून बसलेली असतात. हे परीक्षण मुद्दाम त्या संध्याकाळच्या वेळेचं आहे. डॉक्टर ज्याला भावनिक खाणं म्हणतात आणि घरात ज्याला 'येता-जाता तोंडात टाकणं' म्हणतात, ते सकाळी सहाला होत नाही. दुपारची झोप झाली, पेपर वाचून झाला, घरात चिटपाखरू नाही, अमेरिकेतल्या मुलाचा फोन यायला अजून दोन तास आहेत, अशा चार ते सातच्या पट्ट्यात डबा उघडला जातो. सकाळी तासभर चालून आलेला माणूसही त्या वेळी ओट्यापाशी उभा राहून शेव खात असतो.

हिशोब बघा. साठ-पासष्ट किलो वजनाचा माणूस ३ किलोमीटर चालला की दीडशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. तळलेल्या फरसाणाच्या ३० ग्रॅममध्ये, म्हणजे छोट्या वाटीभरात, तेवढ्याच परत येतात. वाटी भरायला अर्धं मिनिट लागतं. त्यामुळे 'व्यायाम करतो म्हणून थोडं चालतं' हे गणित या वयात कधीच जुळत नाही. जुळतं ते एवढंच, की ज्या तासाला हात डब्याकडे जातो त्या तासाला माणूस घरात नसावा आणि एकटा नसावा. ओपन जिम आम्ही त्यासाठी तपासली. फुकट आहे, बहुतेक वस्त्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथे जायला कारण लागत नाही.

मशिनांबद्दल आधी एक गोष्ट. यातल्या बहुतेकांना वजनाच्या चकत्या नसतात, ताण कमीजास्त करता येत नाही. जोर लागतो तो स्वतःच्या शरीराच्या वजनाचा. म्हणून ४८ किलोच्या आजींना आणि ८५ किलोच्या काकांना तेच मशीन वेगवेगळं भासतं, आणि शेजारच्याने पंधरा वेळा केलं म्हणून आपण पंधरा वेळा करायचं नसतं.

सगळ्यांत कामाचं मशीन म्हणजे लेग प्रेस, बसून पायांनी ढकलायची खुर्ची. खुर्चीतून उठणं, कमोडवरून उठणं, बसची पायरी चढणं, या सगळ्याला मांडीचे जे स्नायू लागतात तेच इथे काम करतात. पाठ टेकवून बसा, पावलं कंबरेइतक्या अंतरावर ठेवा, दोन आकडे मोजत ढकला आणि तीन आकडे मोजत परत या. गुडघा पूर्ण ताठ करून अडकवू नका. ८ ते १० वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा तेवढंच. चूक होते ती परत येताना: खुर्ची धाडकन सोडली जाते, हादरा कंबरेला बसतो आणि मशिनाचा रबरी ठोकळाही तुटतो. दुसरी अडचण बनावटीची आहे. खुर्ची आणि पायाची पट्टी यांतलं अंतर बदलता येत नाही, त्यामुळे उंच माणसाचे गुडघे छातीपर्यंत येतात. गुडघा काटकोनापेक्षा बराच जास्त वाकत असेल आणि तो मुळात दुखरा असेल, तर हे मशीन सोडून बाकावरून उठ-बस करा. फायदा जवळजवळ तोच मिळतो.

छातीसमोर ढकलायची आणि वरून खाली ओढायची जोडखुर्ची चांगली आहे, फक्त श्वास रोखायचा नाही. जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. खांद्याचं मोठं चाक आखडलेल्या खांद्याला आराम देतं; हात खांद्याच्या वर न्यायचा हट्ट नको, दुखायला लागतं त्याच्या आधी थांबायचं. सायकल आणि क्रॉस ट्रेनर (उभं राहून हात-पाय एकदम मागेपुढे करायचं मशीन) अंग गरम करण्यापुरते ठीक.

एअर वॉकरबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यांना तेच आवडतं आणि पडायची भीतीही तिथेच जास्त. दोन लोंबत्या पट्ट्यांवर पाय ठेवून झुलत चालायचं हे मशीन. चालू असताना त्रास नसतो, चढताना आणि उतरताना असतो. एक पाय ठेवला की ती पट्टी पुढे निसटते आणि दुसरा पाय जमिनीवरच राहतो. दोन्ही हातांनी दांडा धरा, सोबत्याला पट्टी पायाने रोखून धरायला सांगा, मग चढा. झोका नेहमीच्या पावलाएवढाच ठेवा. लांब झोके घेणाऱ्याची कंबर दुसऱ्या दिवशी बोलते. पट्ट्या पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही. ज्यांना चक्कर येते, ज्यांचा तोल जातो किंवा पावलांना मुंग्या येऊन संवेदना कमी झाली आहे, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

कंबर फिरवायची थाळी आणि पोटाचा उतरता बाक, ही दोन मशिनं साठीपुढच्या गटाने सरळ वगळावीत असं आमचं स्पष्ट मत आहे. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाच्या मणक्याला झटक्याने पिळणं आणि पुढे वाकून उठणं, दोन्ही धोक्याचं. आणि हाडं ठिसूळ झाल्याचं बहुतेकांना पहिलं हाड मोडल्यावरच कळतं.

बाग निवडताना पाच मिनिटं नुसतं फिरून बघा. मशीन हलवल्यावर करकर आवाज येतो का (बेअरिंग गेलं), पायपट्टीवरची खरखरीत पट्टी झिजली आहे का, बोल्टवरची टोपी गायब आहे का, खांब जमिनीत शिरतो तिथे गंज किंवा जोडाला चीर आहे का. चीर असेल तर त्या मशिनावर कुणीच बसू नये. काँक्रीटचा पाया जमिनीच्या वर आलेला असतो, त्याला ठेच लागते. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेचं ऊन खाल्लेला लोखंडी दांडा पाचलाही हात भाजतो, तेव्हा झाडाखालची जिम शोधा किंवा रुमाल ठेवा. डिसेंबरमध्ये सहालाच सूर्य मावळतो, म्हणून थंडीत साडेचारला सुरुवात करा. बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, उघडण्याची वेळ फलकावर बघून घ्या.

आणि स्वच्छतागृह. ते कुलूपबंद असेल तर कितीही छान मशिनं असोत, निम्म्या बायका आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले सगळे पुरुष आठवड्याभरात यायचे बंद होतात. कारण कुणी सांगत नाही, 'गुडघा दुखतोय' म्हणतात. किल्ली कुणाकडे असते ते रखवालदाराला पहिल्याच दिवशी विचारा. पाठ टेकता येईल असा आणि हातांना आधार असलेला बाकही हवा, कारण तासातली शेवटची पंचवीस मिनिटं तिथेच जाणार आहेत.

गटाकडे येऊ. ६ ते १० माणसं पुरे. त्याहून कमी असली तर दोघं गावाला गेल्यावर गट बसतो, जास्त असली तर कोण आलं नाही हे लक्षात येत नाही. रोजचा तास असा लावा: १० मिनिटं सावकाश चाल, २० मिनिटं मशिनं, ५ मिनिटं तोलाचे व्यायाम (दांडा धरून एका पायावर १० सेकंद, मग टाच-अंगठा जोडून सरळ रेषेत दहा पावलं), उरलेला वेळ बाकावर गप्पा. व्यायाम करताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच जोर. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा सांगते. आठवड्यातले पाच दिवस हा तास पाळला की ते सगळं जवळपास त्यात बसतं. पावणेपाचला व्हॉट्सॲपवर 'निघाले' एवढाच निरोप टाकायचा. दोन दिवस निरोप नाही आला तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करायचा. हा फोन मशिनांपेक्षा मोलाचा आहे. तोंडात टाकणं सगळ्यांत वाढतं ते आजारपणात, घरात कुणी गेल्यावर आणि मुलं सुट्टी संपवून परत गेल्यावर, आणि माणूस नेमका तेव्हाच यायचा थांबतो.

वजन गटात करू नका. काटा आला की कुणाचं कमी, कुणाचं जास्त हे सुरू होतं, आणि ज्याचं वाढलं तो लपून खायला लागतो. शिवाय या वयात वजन उतरलं म्हणजे चरबीच उतरली असं नसतं, स्नायूही जातात. मोजायचंच असेल तर उठ-बस मोजा. ४३ सेंटिमीटर म्हणजे साधारण १७ इंच उंचीची खुर्ची, हात छातीवर फुली करून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. पासष्ट ते एकोणसत्तर वयात पुरुषाचा आकडा १२ पेक्षा आणि बाईचा ११ पेक्षा कमी असेल तर ताकद सरासरीच्या खाली आहे. सत्तर ते चौऱ्याहत्तरला हेच आकडे १२ आणि १०, पंचाहत्तर ते एकोणऐंशीला ११ आणि १०. हाताचा आधार घ्यावा लागला तर शून्य धरायचा. पहिल्या आठवड्यात एकदा, मग तीन महिन्यांनी.

गटाचा सर्वांत मोठा दोष पेढा. दहा जणांत वाढदिवस, नातवाचा निकाल, नवी गाडी, सत्यनारायण धरून आठवड्याला एक डबा येतोच. 'अहो काकू, एक तर घ्याच' म्हणत हातात कोंबला जातो. नको म्हणणाऱ्याने कारण द्यायचं आणि देणाऱ्याने रुसायचं, यात मधुमेही माणूस दरवेळी हरतो. यावर चालणारा उपाय एकच: महिन्याचा एक दिवस ठरवा, सगळे वाढदिवस त्या दिवशी, पेढा अर्धा. बाकी दिवशी बागेत डबा उघडायचा नाही आणि आग्रह करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवून घ्या. व्यायामानंतर टपरीवर जायची सवय लागली तर चहा जरूर घ्या, क्रीमरोल सोडा.

घरचं थोडं. पाचची भूक दरवेळी मनाची असते असं नाही. दोन फुलके, भाजी आणि पातळ वरण असं दुपारचं जेवण प्रथिनात तोकडं पडतं. २० ग्रॅम डाळीच्या वरणातून जेमतेम ४-५ ग्रॅम मिळतात, तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० च्या आसपास लागतात. कवळी बोचते म्हणून भाकरी आणि उसळ सुटते, मग मऊ लागणारी खारी, टोस्ट, बिस्किटं आत येतात. म्हणून आधी जेवण नीट करा: मुगाचं धिरडं, मऊ शिजवलेली मटकी, वाटीभर दही, चालत असेल तर अंडं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच. बागेत निघण्याआधी मूठभर फुटाणे किंवा एक पेरू आणि पेलाभर ताक. तहानेची जाणीव वयानुसार मंदावते.

इतकं करूनही हात डब्याकडे जात असेल तर आठवडाभर वहीत चार रकाने भरा: किती वाजता, काय, सोबत कोण, त्याआधी काय घडलं. कॅलरी लिहू नका. चौथा रकाना सलग वाचला की बहुतेकांना आपली वेळ सापडते. फोन ठेवल्यावर लगेच, सुनेशी शब्द झाल्यावर, किंवा उरलेलं टाकवत नाही म्हणून. वही गटात वाचून दाखवायची नाही. फरसाण आणायचंच असेल तर पाव किलोच्या वर नको, डबा वरच्या फळीवर, आणि खाताना वाटीत काढून बसून. पुड्यातून, टीव्हीसमोर, कधीच नाही.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेल्या माणसाला संध्याकाळी थरथर, घाम आणि अधाशी भूक लागली तर ती मनाची समजून दाबू नका, साखर उतरलेली असू शकते. तपासल्यावर ती ७० (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गटातल्या एकाच्या पिशवीत साखरेच्या पुड्या कायम असाव्यात. व्यायाम करताना छातीत दडपण आलं तर तिथेच थांबून थेट दवाखाना. भूक अचानक वाढली असेल तर नवी औषधं डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड आणि नैराश्यावरची काही औषधं भूक वाढवतात. रात्री उठून पोट दुखेपर्यंत खाणं किंवा जगण्यातला रस गेल्याचं बोलणं यावर बाग पुरणार नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं, ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते.

आमचे गुण: मशिनांना ५ पैकी अडीच, बागांच्या देखभालीला दोन, संध्याकाळच्या वेळेला आणि सोबतीला साडेचार.

जूनमध्ये मशिनांभोवती शेवाळ धरलं की जिम बंद समजा. गट मात्र बंद करू नका, नाहीतर चार महिन्यांत तो मोडतो. देवळाचा सभामंडप किंवा सोसायटीचं पार्किंग आधीच विचारून ठेवा. प्लॅस्टिकच्या नकोत, लोखंडी किंवा लाकडी खुर्च्या भिंतीला टेकवून मांडा. उठ-बस दहाच्या दोन फेऱ्या, भिंतीवर हात टेकवून दंड दहा, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं पंधरा, आणि वेळ तीच, पाचची.