रेस अडकतेय: केबलला तेल द्यायचं की केबलच बदलायची?

मूठ सोडली की रेस टक्कन शून्यावर आली पाहिजे. ती रेंगाळत परतत असेल, मध्येच थांबत असेल, तर ती मोटरसायकल मातीच्या वाटेवर काढू नका. डांबरी रस्त्यावर क्लच दाबून, किल स्विच मारून वेळ निभावता येते. दगडधोंड्यांच्या चढावर उभं राहून चालवताना तेवढी सवड मिळत नाही.

उपाय दोन आहेत: जुनी केबल धुऊन तेल देणं, नाहीतर नवी टाकणं. पण खर्च करण्याआधी दोष केबलचाच आहे ना, हे बघा. इंजिन बंद करून केबल दोन्हीकडून सोडवा. हिरो इंपल्ससारख्या जुन्या गाडीत खालचं टोक कार्बोरेटरला असतं, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीला. खालची चकती हाताने फिरवून सोडा. ती चटकन मिटली तर स्प्रिंग ठीक आहे. मग नुसती मूठ फिरवून बघा. जड वाटली तर मुठीखालच्या नळीत माती गेली आहे किंवा मुठीचं टोक हँडगार्डला घासतंय. नवे हँडगार्ड बसवल्यानंतर ही तक्रार फार येते, आणि तिथे नवी केबल काहीच करत नाही. हे दोन्ही ठीक असेल तरच आतली तार पुढेमागे ओढून बघा.

तेल देणं कधी पुरतं

तार अखंड आहे, बाहेरच्या नळीला कुठे मोड नाही, आणि पावसातल्या फेऱ्यांनंतर सगळी केबल सारखीच जड झाली आहे: अशा वेळी तेल द्या. केबल उभी टांगा, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून दोऱ्याने घट्ट बांधा आणि त्यात केबलचं पातळ तेल ओता. तार वरखाली करत राहा. आधी काळं पाणी गळेल, मग स्वच्छ तेल. स्वच्छ तेल येईपर्यंत थांबायचं नाही. डब्ल्यूडी-40 मळ सोडवायला चांगलं, पण त्यावर भागवू नका. त्याचा ओलावा फार टिकत नाही. ग्रीस किंवा चेनचा चिकट स्प्रे तर केबलमध्ये घालूच नका, त्यात धूळ रुतून बसते. काही केबलना आतून टेफ्लॉनचं अस्तर असतं आणि त्यांना तेल चालत नाही, म्हणून गाडीचं पुस्तक आधी उघडा.

बदलायची कधी

तारेची एक जरी काडी उसवली असेल, तर तेलाचा विषयच संपला. ती काडी नळीत अडकली की रेस उघडी राहते. निपलजवळ, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या गोळीजवळ, नीट बघा, उसवायला सुरुवात बहुधा तिथेच होते. नळी दबली असेल, सायलेन्सरला लागून वितळली असेल, तार गंजली असेल किंवा तेल देऊनही थोड्याच दिवसांत पुन्हा जड झाली असेल, तरीही नवीच टाका. निपल डागून केबल वाचवणारे मेकॅनिक आहेत. रेसच्या केबलला मी ते करू देणार नाही.

खर्चाचं म्हणाल, तर तेल जवळजवळ फुकटात होतं आणि देशी गाडीची नवी केबल काही शे रुपयांत येते. बाहेरून आणलेल्या मोटोक्रॉस गाडीची महाग पडते, शिवाय वाट बघावी लागते. तिथे जुनी केबल निगुतीने जपण्यात अर्थ आहे. वेळ दोन्हीकडे साधारण सारखाच जातो, कारण बहुतेक गाड्यांची टाकी उतरवावीच लागते. म्हणून देशी गाडीवाल्याला माझा सल्ला सरळ आहे: केबल जुनी असेल आणि टाकी उतरलीच असेल, तर नवी टाकून मोकळे व्हा. कंपनीचीच घ्या. स्वस्त केबलची लांबी बोटभर जरी चुकली तरी हँडल वळवताना ती ताणते.

हँडल उंच करायला त्याखाली रायझर लावले असतील तर कंपनीची केबलही आखूड पडू शकते. तेव्हा तेल आणि नवी केबल दोन्ही निरुपयोगी. केबलची वाट बदला किंवा लांब केबल शोधा. चार स्ट्रोकच्या बऱ्याच मोटोक्रॉस गाड्यांना उघडणारी आणि मिटवणारी अशा दोन केबल असतात. तिथे जोडीच बदला. हिमालयन 450 किंवा केटीएम 390 ॲडव्हेंचर असेल तर मुठीपासून इंजिनापर्यंत रेसची केबल जातच नाही, तिथे रेस सेन्सरवर चालते.

नवी टाकताना जुन्या केबलच्या वाटेचा आधी फोटो काढून ठेवा. मुठीला सहसा 2 ते 3 मिलिमीटर ढील राहू द्या, नेमका आकडा पुस्तकात असतो. मग इंजिन चालू करा आणि न्यूट्रलमध्ये हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. आवाज किंचितही चढला तर केबल कुठेतरी ताणतेय. टाकी पुन्हा उतरवा.