अकरा महिने पीएलएम वापरल्यावर: वाळूजच्या एका प्रेस शॉपमधून

पत्रा वाकवायच्या मशिनच्या, म्हणजे प्रेस ब्रेकच्या, खांबाला चिकटपट्टीने लावलेल्या त्या ड्रॉईंगवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली तेव्हा कोणीतरी ड्रॉईंगलाही लावलं असणार. रिव्हिजन, म्हणजे ड्रॉईंगची आवृत्ती, होतं 'बी'. कस्टमरने 'सी' पाठवलं होतं मार्चमध्ये, आणि मी त्या खांबासमोर उभा होतो मे महिन्यात. एका बाजूची घडी २२ मिलिमीटरची २४ झाली होती, दुसऱ्या बाजूची तेवढीच कमी. ब्लँक, म्हणजे कापलेला सपाट पत्रा, तेच, फक्त वाकवायची रेघ दोन मिलिमीटर सरकलेली. मधल्या काळात अठराशे ब्रॅकेट जुन्या मापावर वाकवून, प्लेटिंग (झिंकचा मुलामा) करून, गाडीत भरून गेले होते.

"साहेब, मला जे लावून दिलं त्याच्यावरच स्टॉपर सेट करायलो मी. नवीन आलंय म्हणून कोणी सांगितलंच नाही," ऑपरेटर मामा म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पहिला पीस तपासणाऱ्या क्वालिटीच्या पोरानेही खांबावरच्या कागदाशीच माप जुळवलं होतं. 'सी' माझ्या मेलमध्ये होतं, तिथून ते 'नवीन' नावाच्या फोल्डरमध्ये गेलं, आणि त्या फोल्डरमध्ये आणखी एक 'नवीन' होतं. वाकवलेला आणि प्लेटिंग झालेला पत्रा रीवर्क होत नाही. माल भंगारात गेला, वर नुकसान आमच्या नावे टाकणारी कस्टमरची डेबिट नोट आली.

त्या डेबिट नोटनंतर मालकांनी पीएलएमची, म्हणजे ड्रॉईंग, त्यांची रिव्हिजन आणि बदल एका जागी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, चौकशी करायला सांगितली. दिवाळी पाडव्याला वहीपूजनात लॅपटॉपही ठेवला आणि त्या दिवसापासून आम्ही ते वापरतोय. अकरा महिने झाले, रिन्युअलचं बिल समोर आहे, म्हणून हे लिहायला बसलो. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही. सीमेन्सचं टीमसेंटर, पीटीसीचं विंडचिल ही मोठ्या घरची नावं. आमचं त्यांच्यापेक्षा बरंच लहान, क्लाउडवर चालणारं आहे. पण खाली जे लिहिलंय ते यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आमची ओळख थोडक्यात: साठेक माणसं, पत्र्याचे ब्रॅकेट आणि छोटे असेंब्ली पार्ट. १९८५ साली बजाजचा कारखाना संभाजीनगरजवळच्या वाळूजला आला आणि त्याच्यामागे सुट्या भागांच्या वर्कशॉपची जी रांग लागली, त्या रांगेत बऱ्याच मागे आम्ही. थेट गाडी कंपनीला नाही, तिच्या सप्लायरला माल देतो. प्लेटिंग चिकलठाण्यात, हीट ट्रीटमेंट शेंद्र्याला, डाय (पार्ट कापायचा-घडवायचा साचा) बनवणारे शेजारच्याच सेक्टरमध्ये. म्हणजे एक ब्रॅकेट चार छपरांखालून फिरतो आणि त्याचं ड्रॉईंगही.

पहिले तीन महिने वैताग होता, हे आधी सांगतो. विकायला आलेल्या माणसाने डेमोत सगळं चकाचक दाखवलं होतं, पण त्या डेमोत आमचं अकरा वर्षांचं फोल्डर नव्हतं. 'फायनल', 'फायनल-२', 'खरं फायनल', 'सरांनी सांगितलेलं'. यातलं नेमकं कोणतं चालू आहे हे ठरवायला कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. त्यासाठी मी आणि एक ट्रेनी मुलगी रोज संध्याकाळी दोन तास प्रत्यक्ष पार्ट हातात घेऊन व्हर्नियरने मापत बसायचो. नऊशेच्या वर पार्ट निघाले. त्यातले निम्मे बंद मॉडेलचे होते, ते सरळ बाजूला टाकले. आज वाटतं, आधी चालू असलेले शंभर पार्टच चढवायला हवे होते. सगळं एकदम चढवायचा हट्ट माझा होता, त्याची किंमत माझ्या संध्याकाळींनी मोजली.

या काळात मालक दोनदा म्हणाले, "एवढे पैसे घालून कपाटच घेतलं का आपण?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. आम्ही चौघंच ते वापरत होतो आणि चौघं एकाच खोलीत बसतो. एकाच खोलीतल्या माणसांसाठी ते खरंच कपाट आहे.

बदल झाला तो प्लेटिंगवाल्या काकांना लॉगिन दिल्यावर. बाहेरच्या व्हेंडरला फक्त बघायचा आणि शेरा लिहायचा अधिकार देता येतो, त्याला त्याच्या कामाचेच पार्ट दिसतात. काकांनी आधी नाकं मुरडली. "आम्हाला चलान आणि मायक्रॉन सांगा, बस. ड्रॉईंग बघून मी काय करू?" त्यांच्या मुलाने मोबाईलवर सुरू करून दिलं.

फेब्रुवारीत एक नवीन पार्ट आला. त्यात एक छिद्र होतं, १०.०० ते १०.०५ मिलिमीटर. छिद्राचं माप ते पाडणाऱ्या डायमधल्या पंचावरून ठरतं, आम्ही पंच धरला होता १०.०१ चा, झिजायला लागला तरी पंच वापरात राहावा असा हिशेबसुद्धा केला नव्हता, सवयीने धरला होता. ड्रॉईंग रिव्ह्यूला टाकलं आणि तिसऱ्या दिवशी छिद्राच्या खुणेवर काकांचा शेरा आला: 'हे माप झिंकच्या आधीचं का नंतरचं?'

मी तो शेरा वाचला आणि चहा तसाच ठेवला. कस्टमरच्या नोटमध्ये, खाली बारीक अक्षरात, सगळी मापं प्लेटिंगनंतरची असं लिहिलं होतं. झिंक ८ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि छिद्रात ते दोन्ही बाजूंनी चढतं. म्हणजे व्यास १६ ते २४ मायक्रॉनने कमी. १०.०१ च्या पंचाचं छिद्र प्लेटिंग होऊन ९.९९ च्या आसपास आलं असतं आणि छिद्र तपासायच्या प्लग गेजची गो बाजू, जी आत जायलाच हवी, ती गेलीच नसती. पंच दुसऱ्या दिवशी कापायला वायरकट मशिनवर लागणार होता. शेजारच्या डायवाल्यांना फोन केला, प्रोग्राममध्ये १०.०५ केलं, विषय संपला. एकदा कापलेल्या पंचाला धातू परत लावता येत नाही. नवीन ब्लॉक, नवीन हार्डनिंग, शेंद्र्याची फेरी, आठवडा गेला असता.

गंमत म्हणजे हे काकांना वीस वर्षांपासून माहीत आहे. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पूर्वी त्यांच्याकडे ड्रॉईंग जायचं ते मालासोबत, म्हणजे डाय बनून, पार्ट निघाल्यावर. या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत 'कोलॅबोरेशन' हा शब्द पन्नास वेळा येतो, पण मला तो कळला त्या एका शेऱ्याने. आता प्रत्येक नवीन पार्ट डायला जायच्या आधी प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट आणि टूलवाले (म्हणजे डाय बनवणारे) तिघांनाही दाखवतो आणि शेरा येईपर्यंत पुढचा टप्पा उघडतच नाही. सुरुवातीला यात चार दिवस जास्त जातात. नगर नाक्यापासून जालना रोडपर्यंत सगळं शहर ओलांडून चिकलठाण्याला मारलेल्या चकरा मोजल्या तर हिशेब बरोबर बसतो.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे बदलाचा फॉर्म, ज्याला सगळे ईसीएन (इंजिनिअरिंग चेंज नोट) म्हणतात. आधी तो वर्डमध्ये होता आणि सही झाली की फाईलला लागायचा. सॉफ्टवेअरमध्ये तो भरताना एक रकाना टाळताच येत नाही: जुन्या मालाचं काय करायचं? वापरून संपवायचा, रीवर्क करायचा की भंगारात? आणि हा माल कुठेकुठे पडलाय, आपल्या गोडाऊनला, प्लेटिंगला, की वाटेत गाडीत? पहिल्या वेळी हा रकाना भरायला आम्हाला अर्धा दिवस लागला, कारण कोणालाच नीट माहीत नव्हतं. आपण आजवर बदल करायचो तो फक्त कागदावर, हे तेव्हा लक्षात आलं.

आयएटीएफ १६९४९ (गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटीचं मानक) वाल्यांना माहीत असेल, कस्टमरचा इंजिनिअरिंग बदल आला की दहा कामकाजी दिवसांत त्याचा आढावा व्हायला हवा असं त्यात आहे. पूर्वी ऑडिटच्या आदल्या रात्री आम्ही त्या तारखा 'जुळवायचो'. खोटं कशाला बोलू. यंदा ऑडिटर बाईंनी एक पार्ट नंबर सांगितला आणि मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. बदल कधी आला, कोणी उघडला, कोणी किती दिवस अडकवून ठेवला, सगळं तारखेसकट. एका ठिकाणी तेरा दिवस लागले होते आणि अडकवणारा मीच होतो. ते निरीक्षण म्हणून लिहिलं गेलं. तारखा लपवता येत नाहीत ही या सॉफ्टवेअरची खूबी आहे आणि तीच अडचणसुद्धा.

आता तक्रारी.

देवनागरी. ड्रॉईंगवर मराठीत सूचना लिहिली तर सॉफ्टवेअरमध्ये दिसते, पण वॉटरमार्क टाकून पीडीएफ काढली की अक्षरांच्या जागी चौकोन येतात. आमच्या शॉपमध्ये 'बुर काढणे' (कापलेल्या कडेची धार काढणे) हे मराठीत लिहिलेलं असलं तरच वाचलं जातं. सपोर्टला पाच वेळा लिहिलं. पाचही वेळा फार नम्र उत्तर आलं.

सीटचे, म्हणजे माणशी लायसन्सचे, दर. डिझाईन करणाऱ्याची सीट महाग आहे, दोन सीटच्या पैशांत इथे एक ट्रेनी इंजिनिअर वर्षभर कामाला ठेवता येतो. बघणाऱ्याची सीट स्वस्त, पण 'बघणारा' म्हणजे काय याची व्याख्या बिल आल्यावर कळली: शेऱ्यासोबत फोटो जोडला की तो माणूस बघणारा राहत नाही. करार वाचा, दोनदा वाचा.

हिशेबाच्या टॅलीशी जोडणी नाही. बीओएम (पार्टला लागणाऱ्या मालाची यादी) इथे बदलला की स्टोअरची मुलगी तो तिकडे हाताने टाकते. म्हणजे चुकायला एक जागा आम्ही अजून जपून ठेवली आहे. जोडणी करून देणारे आहेत, त्यांचा दर ऐकून मालकांनी विषय बदलला.

आणि फाईलचे फॉरमॅट. टूलवाल्यांकडे कॅडची, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरची, जुनी आवृत्ती आहे, त्यांना मॉडेल स्टेप या सगळीकडे उघडणाऱ्या फॉरमॅटमध्ये काढून द्यावं लागतं. त्यात आकार नीट जातो, पण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि नोट बहुतेक वेळा मागेच राहतात, म्हणून सोबत ड्रॉईंगची पीडीएफ हवीच. हे दुखणं फक्त आपलं नाही. एअरबसच्या ए३८० विमानात हॅम्बुर्गवाले कॅटिया या कॅडच्या जुन्या आवृत्तीवर होते आणि तुलूझवाले नव्या; वायरिंगचे जुडगे विमानात बसेनात आणि २००६ साली डिलिव्हरी लांबल्याचं जाहीर करावं लागलं. हे मी मालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांचं विमान आहे, आपला ब्रॅकेट." पण टूलवाल्यांच्या नव्या आवृत्तीचे निम्मे पैसे देऊ का, हा विचार त्यांनीच काढला.

नेट आणि लाईट यांचं काय लिहू. पावसाळ्यात लाईट गेली की क्लाउडही जातो. शॉपमध्ये दोन टॅब लावलेत, त्यांना इन्व्हर्टर दिलाय आणि सिमकार्ड वेगवेगळ्या कंपन्यांची. टॅबवर ड्रॉईंग उघडलं की वर हिरवी पट्टी दिसते, रिव्हिजन बदललं की ती लाल होते आणि जुनं ड्रॉईंग उघडतच नाही. खांबावरच्या चिकटपट्ट्या मी स्वतः खरवडून काढल्या. मामांना टॅब नको होता, डोळ्याला त्रास होतो म्हणायचे. आता अक्षर मोठं करता येतं म्हणून त्यांना तोच बरा वाटतो, मात्र हातमोजे घालून बोट चालत नाही यावरून रोज एकदा शिव्या असतात.

घ्यावं का? तुमचे पार्ट पन्नासच्या आत असतील, व्हेंडर एकच असेल आणि कस्टमर वर्षाला दोनदा ड्रॉईंग बदलत असेल, तर नका घेऊ. एक शिस्तीचं रजिस्टर आणि एक खमका माणूस पुरतो. आमच्यासारखं चार छपरांखाली काम असेल तर घ्या, पण पहिल्याच महिन्यात बाहेरच्या व्हेंडरना आत आणा. आम्ही ते चौथ्या महिन्यात केलं.

आम्ही रिन्यू करतोय, डिझाईनची एक सीट कमी करून. शेंद्र्याचे हीट ट्रीटमेंटवाले तेवढे अजून लॉगिन करत नाहीत. "भाऊ, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका की, कशाला पासवर्ड लक्षात ठेवायला लावता?" मग त्यांचा शेरा मी फोनवर विचारून स्वतःच टाकतो आणि त्यांना पाठवतो ती सात दिवसांत बंद होणारी लिंक. आठव्या दिवशी त्यांचा फोन येतो.