मधातल्या ग्लुकोजसाठी यीस्टचं हेक्झोकायनेज की जिओबॅसिलसचं ग्लुकोकायनेज?

मधातलं ग्लुकोज मोजायला ही दोन एन्झाइमं वापरतात, एक यीस्टचं, दुसरं जिओबॅसिलस या जिवाणूचं. यातलं कुठलं मागवू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: फ्रुक्टोजही मोजायचंय का? मोजायचं असेल तर यीस्टचंच घ्या. ते दोन्ही साखरांना फॉस्फेट लावतं. ग्लुकोजचं रीडिंग झालं की त्याच क्युव्हेटमध्ये (रीडिंगच्या छोट्या पारदर्शक नळीत) फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज, म्हणजे फॉस्फेट लागलेल्या फ्रुक्टोजचं तसंच ग्लुकोज करणारं एन्झाइम टाकायचं, की फ्रुक्टोजचा आकडाही हाती येतो. शिवाय स्वस्त. जिओबॅसिलसचं ग्लुकोकायनेज फ्रुक्टोजकडे जवळजवळ ढुंकूनही बघत नाही.

मला मात्र फक्त ग्लुकोज लागतं, मध किती लवकर रवे धरेल याचा अंदाज घ्यायला. आणि नेमकं तिथेच यीस्टने माझा अंत पाहिला. ग्लुकोज जितकं, तितकं 340 नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण वाढतं; तो आकडा चढतो, मग थांबायला हवा. थांबेचना. 0.412, 0.415, 0.419... दहा मिनिटं झाली तरी आपला सरकतोच आहे. आता यातला कुठला वहीत लिहायचा? आठवडाभर मी पिपेटवर संशय घेतला. खरं कारण एन्झाइममध्येच होतं: त्या लॉटमध्ये आयसोमरेजची भेसळ होती, अगदी किंचित. पण बहुतेक मधांत फ्रुक्टोज ग्लुकोजहून जास्त. हेक्झोकायनेज फॉस्फेट लावून त्याचं फ्रुक्टोज-6-फॉस्फेट करून ठेवतं आणि ही भेसळ ते थोडं थोडं ग्लुकोजच्या खात्यात जमा करत राहते. आलेखावर मागे रेघ ओढून दुरुस्ती करता येते, जास्त शुद्ध मालही मिळतो. पण मग स्वस्ताई कुठे राहिली?

ग्लुकोकायनेज ज्याचं, तो जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस आपल्या ओळखीचाच. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) तपासायच्या पट्टीवर याचेच बीजाणू असतात. मे महिन्यात रात्रभर वीज गेली, फ्रीज कोमट झाला. सकाळी याच्या ग्लुकोकायनेजची बाटली नेहमीसारखी चालली. शेजारच्या यीस्टच्या बाटलीतलं मात्र दुप्पट टाकावं लागलं. रीतसर मोजमाप केलं नाही, त्यामुळे फार ताणत नाही. आणि एन्झाइम टणक असलं तरी सोबत लागणारी एटीपी (फॉस्फेट पुरवणारं) आणि एनएडीपी (ज्याच्यामुळे 340 चा आकडा चढतो) यांची द्रावणं टिकत नाहीत, ती ताजीच लागतात. खोलीच्या तापमानाला हे ग्लुकोकायनेज जरा सुस्तही वाटतं, म्हणून मी 37 अंशांवर वाचतो. पाच-सात मिनिटांत आकडा थांबतो, चहा पिऊन आलो तरी तिथेच असतो.

यीस्टची बाटली टाकलेली नाही. कुणी फ्रुक्टोज विचारत आलं की बाहेर काढतो.