पिवळा स्विच आणि माझे अठरा हजार

सेकंडहँड निन्टेन्डो स्विच, म्हणजे व्हिडिओ गेमचं यंत्र, घ्यायला निघाला असाल, तर आधी माझी फजिती वाचा.

गणपतीत भाचेमंडळी येतात. चौघांना एकदम टीव्हीवर खेळता यावं, एवढीच अपेक्षा होती. जाहिरातीतल्या फोटोत टीव्हीवर गेम चालू आणि शेजारी अख्खा पिवळा स्विच. ‘टीव्हीला लागतो ना?’ मी तीनदा विचारलं. ‘हो दादा, एचडीएमआय लावा, बास.’ भेटलो चहाच्या टपरीवर. तिथे कुठला आलाय टीव्ही! गेम चालू करून बघितला, बटणं दाबून बघितली, अठरा हजार मोजले. वर त्याने कागदात गुंडाळलेला एक अ‍ॅडॉप्टरही ‘फ्री’ दिला. मी खूश.

घरी टीव्हीवर ‘नो सिग्नल’. पोर्ट बदललं, केबल बदलली, शेजारच्यांची केबल मागून आणली. शेवटी अकरा वर्षांच्या भाच्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. ‘मामा, हा स्विचचा लाइट प्रकार आहे. हा टीव्हीला लागतच नाही.’

मग डोकं लावून वाचलं. २०१७ चा मूळ स्विच दोन्हीकडे चालतो: हातात घ्या, नाहीतर डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, ठेवून टीव्हीवर खेळा. २०१९ मध्ये आलेला लाइट फक्त हातात धरून खेळायचा. टीव्हीला चित्र पाठवायची सोयच त्यात ठेवलेली नाही, त्यामुळे कुठलाही डॉक किंवा अ‍ॅडॉप्टर आणा, उपयोग शून्य. चार्जिंगचं भोक मात्र दोघांचं सारखंच, टाइप-सी. तिथेच माझ्यासारखा फसतो.

ओळखायचं कसं? मूळ स्विचचे दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन, म्हणजे बटणांचे कंट्रोलर, सरकवून निघतात, लाइटचे अंगालाच चिकटलेले. लाइटला डाव्या हाताला अधिकच्या चिन्हासारखं एकसंध बटण असतं, मूळ स्विचला तिथे चार सुटी गोल बटणं. लाइटचा स्क्रीन ५.५ इंची, मूळचा ६.२. आणि पाठीवर बारीक अक्षरात मॉडेल नंबर: लाइटचा एचडीएच-००१, मूळचा एचएसी-००१ ने सुरू होणारा. टपरीवर मी पाठ फिरवून बघितलीच नाही, बॅटरी किती टक्के आहे ते मात्र बघितलं.

विकणाऱ्याला फोन केला. ‘चालू आहे ना? मग?’ म्हणाला. दुसऱ्या फोनला ब्लॉक. चॅटमधलं त्याचं ‘हो दादा’ स्क्रीनशॉट काढून ठेवलंय. सायबर तक्रारीसाठी १९३० ला फोनही केला, पण रोख दिलेल्या पैशाचा पुरावा काय, या प्रश्नावर माझी दांडी गुल.

सध्या चौघं पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या लावून खेळतात. घड्याळ माझ्या हातात.