फ्लिर वन प्रो: लष्करी संवेदकाचा घरगुती वारस

फोनच्या चार्जिंगच्या जागी खोचून वापरायचा फ्लिर वन प्रो हा थर्मल कॅमेरा भिंतीतील ओल, तापलेली वायर किंवा गच्चीची गळती शोधण्यासाठी घेतला जातो. त्याचे गुण आणि मर्यादा यांचे मूळ मात्र अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील हनीवेल कंपनीच्या प्रयोगशाळेत, पॉल क्रूझ या भौतिकशास्त्रज्ञाने केलेल्या संरक्षणविषयक कामात सापडते.

इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे 1959 मध्ये मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइड हा अवरक्त किरण टिपणारा पदार्थ पुढे आला आणि क्रूझ यांनी त्यावर दीर्घकाळ काम केले. त्याचे संवेदक उत्तम होते, पण लांब लहरींसाठी ते द्रव नायट्रोजनच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे उणे 196 अंश सेल्सिअसपर्यंत, थंड ठेवावे लागत. विमानाला हे ओझे पेलते, पायदळाच्या सैनिकाला नाही. म्हणून 1980 च्या दशकात क्रूझ आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू वुड यांच्या गटाने अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर शीतकाची गरजच नसलेला संवेदक विकसित केला. हे काम 1992 पर्यंत गुप्त होते. सिलिकॉनच्या पृष्ठभागापासून किंचित वर, बारीक पायांवर तोललेला व्हॅनेडियम ऑक्साइडचा पापुद्रा समोरच्या वस्तूच्या उष्णतेने तापतो, त्याचा विद्युत रोध अंशामागे साधारण दोन टक्के बदलतो, आणि तेवढ्यावर चित्र उभे राहते. हनीवेलच्या त्या संवेदकात एक चित्रबिंदू 50 मायक्रॉनचा होता. फ्लिर वन प्रोमध्ये तो 12 मायक्रॉनचा आहे.

या कॅमेऱ्याचे उष्णताचित्र 160 गुणिले 120 बिंदूंचे, म्हणजे तसे ढोबळच असते. पण साध्या कॅमेऱ्याने टिपलेल्या कडा त्यावर चढवल्यामुळे नळ कोणता आणि स्विच कोणता हे ओळखू येते. सेकंदाला 8.7 चित्रे दिसत असल्याने फोन फिरवताना ती अडखळतात. हा आकडाही लष्करी वारशाचाच आहे, कारण 9 पेक्षा जास्त वेग असलेल्या कॅमेऱ्यांवर अमेरिकेचे निर्यात-निर्बंध अधिक कडक आहेत. मधूनच ‘टक्’ असा आवाज होऊन चित्र क्षणभर गोठते, तो बिघाड नव्हे. आतली झडप बंद होऊन सर्व बिंदू पुन्हा एका पातळीवर आणले जातात.

फ्लिर कंपनी 0.07 अंशाचा फरक दिसेल असे सांगते आणि त्याच वेळी मोजमापात 3 अंशांपर्यंत चूक मान्य करते. यातच या वस्तूचा खरा उपयोग कळतो: शेजारच्या जागेपेक्षा काय गरम आणि काय थंड हे पाहण्यासाठी ती उत्तम आहे, पण आकड्यावर विसंबण्यासाठी नाही. डीबीतील, म्हणजे घराच्या वीजवाटपाच्या पेटीतील, सैल लग (वायरच्या टोकाची धातूची जोडणी) बाजूच्या जोडण्यांच्या तुलनेत लख्ख उजळून दिसते. मात्र चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, आरशासारखी समोरचीच परत पाठवतो; म्हणून चकचकीत तांब्याची पट्टी पोळण्याइतकी तापली असली तरी थंड भासू शकते, आणि स्टीलच्या डब्यावर तर पाहणाऱ्याच्याच देहाची ऊब दिसते. अशा ठिकाणी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्याचे तापमान पाहावे. अर्थात जिवंत विद्युतपट्टीला हात लावण्याचे धाडस घरमालकाने करू नये.

ओलीच्या बाबतीत दुकानदार जेवढे सांगतात तेवढे मानू नये. हा कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहत नाही, फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. ओला भाग बाष्पीभवनाने थंड होतो म्हणून दिसतो, आणि कोकणातील भर पावसाळ्यात हवाच दमट असल्याने नेमक्या गरजेच्या वेळी हा फरक पुसट होतो. गच्चीसाठी ऊन पडलेल्या दिवसाची संध्याकाळ बरी, कारण पाणी मुरलेला स्लॅब कोरड्या भागापेक्षा सावकाश निवतो.

एकाच घरापुरता हा कॅमेरा घेणे मला उधळपट्टी वाटते. वायरमन, वॉटरप्रूफिंगचे कंत्राटदार किंवा मोठ्या सोसायटीची कमिटी यांना तो उपयोगी पडेल. स्वतःची बॅटरी साधारण तासभरच पुरत असल्याने पूर्ण इमारत तपासायची तर पॉवर बँक सोबत ठेवावी.